पितळेवरचं नाव

थंडी पडायला लागली की भिलाईलगतच्या आमच्या जुनवानीत दोघी जणी हटकून येतात. एक, तुरीच्या ओल्या शेंगा विकणारी बाई. दुसरी, मतदारयादी तपासणारी मुलगी. यंदा दोघी एकाच सकाळी आल्या. शेंगांचा भाव करून मी सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते, तेवढ्यात मोबाइल हातात धरून ती मुलगी फाटकाशी उभी राहिली. नातू पुढे झाला. "दादी का नाम?" तिनं विचारलं. पोरगा गडबडला. "दादी का... एक मिनट, पापा से पूछ के बताता हूँ," म्हणून आत वळला. एवढा इंजिनीयर झालेला मुलगा, पण आजीचं नाव विचारायला बापाकडे निघाला. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "शालिनी लिखो." मुलीनं मोबाइलवर बोट फिरवलं, नाव सापडलं आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं. मी म्हटलं, "बेटा, एक बार और पढ़ना." तिनं आणखी मोठ्यानं वाचलं. नातू हसत म्हणाला, "दादी थोड़ा ऊँचा सुनती हैं."

माझे कान शाबूत आहेत. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी सांगते, आज त्यांच्याकडे छोले आहेत. पण पोराला काय सांगणार? ती मुलगी गेल्यावर मी शेंगा सोलत राहिले, आणि शेंगांच्या त्या हिरव्या, कच्च्या वासानं मला थेट भिलाईच्या सेक्टर सहामध्ये नेऊन बसवलं. पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाचा तो हिवाळा. निवडणूक पुढे दिसत होती, आणि माझ्या सासूबाईंनी एक गोष्ट मनावर घेतली होती.

त्या वेळची भिलाई आजच्या पोरांना सांगून खरी वाटत नाही. आज रस्त्यावर झाडांची कमान आहे. तेव्हा तीच झाडं गुडघ्याएवढी होती आणि प्रत्येकाभोवती बांबूची टोपली घातलेली असे. क्वार्टरला ओल्या चुन्याचा वास यायचा. सगळीकडे लाल मुरूम. धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर टाकावं आणि वाळेपर्यंत ते भगवं व्हावं, अशी तऱ्हा. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा सुटायचा. घंट्यांच्या आवाजात घरातलं बोलणं ऐकू यायचं नाही. संध्याकाळी भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, बाहेर ओतत आणि अर्धं आकाश तांबडं होई. नवीन आलेल्या बाया घाबरून दारात यायच्या. जुन्या झालेल्या, म्हणजे चार महिने आधी आलेल्या, त्यांना समजावायच्या, "कुछ नहीं, रोज होता है."

मी वर्ध्याकडची. लग्न होऊन आले, तेव्हा आमचे हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण कामावर आला, कोण नाही, ते लिहीत. सासरे दुर्ग लाइनीवर रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत त्यांचा जन्म गेला, आणि मी यायच्या आधीच ते गेले. सासूबाई मग लेकाबरोबर क्वार्टरमध्ये आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी म्हणे, म्हणून शेजारणी म्हणू लागल्या, मग शेजारणींची मुलं, मग दूधवाला, पोस्टमन, सगळे. बंगाली म्हणू नका, पंजाबी म्हणू नका, सडकेवर सगळ्यांच्या त्या आत्याबाई झाल्या.

आणि खरं सांगायचं तर बायकांना नावं नव्हतीच तिथं. जो तो कुठून तरी आलेला. पहिला प्रश्न, "कहाँ के हो?" दुसरा, "किस डिपार्टमेंट में?" हे दोन्ही प्रश्न पुरुषांचे. बाईला कुणी नाव विचारायचं नाही. समोरची खोकनची आई, कोपऱ्यावरची बिट्टूची मम्मी, मागच्या ओळीतली मद्रासवाली. ज्यांना मूल नव्हतं, त्यांना नवऱ्याच्या खात्याचं नाव मिळे. एका बिचारीला आम्ही सगळ्या कितीतरी दिवस 'कोक ओव्हनवाली' म्हणत होतो. भाजी घेऊन यायची, ती जुनवानीची. आज मी राहते तीच जुनवानी. तेव्हा मात्र ते साधं गाव होतं. तिला सगळे अहिवारहिन म्हणत. छत्तीसगडी रीत ती. सून ज्या गावाहून आली, त्या गावाचं नाव तिला चिकटतं. हिचं माहेर अहिवारा, म्हणून ही अहिवारहिन. मला तेव्हा ते फार गोड वाटे. माहेर नावातच घेऊन हिंडते बाई, असं वाटे. तिचं स्वतःचं नाव काय असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

यादीचं दफ्तर सेक्टरच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आधी तिथं सिमेंटची पोती ठेवत. पोती गेली, पण सिमेंट राहिलंच; टेबलावर, फायलींवर, बाबूंच्या भुवयांवरसुद्धा एक करडी पूड असायची. बाबू इकडचेच, दुर्गजवळच्या खेड्यातले. गळ्याला मफलर, टेबलाखाली सिगडी. देशभरातली माणसं त्यांच्या सडकांवर येऊन पडली होती आणि त्यांची नावं लिहिता लिहिता बाबू मेटाकुटीला आले होते. दक्षिणेकडचं एखादं लांबलचक नाव आलं की ते दौत बाजूला ठेवून आधी पाणी पीत. दारोदार हिंडून नावं लिहून नेली होती ती त्यांनीच. ते आमच्या सडकेवर आले, त्या दिवशी आम्ही दोघी दुर्गच्या बाजाराला गेलो होतो. दाराला कुलूप बघून त्यांनी समोरच्या खोकनच्या आईला विचारलं. तिनं मोठ्या आपुलकीनं सगळं सांगितलं.

कच्ची यादी शेडबाहेरच्या फळीवर चिकटवली, तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. ह्यांनी बोट फिरवत आमच्या क्वार्टरची ओळ काढली आणि म्हणाले, "हाय माय, तुयं नाव हाय." आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पण त्या पुढे झाल्या, लेकाच्या बोटाखालची ओळ त्यांनी बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, "हे मायं नाव नोहे."

"तुले का वाचता येते का, माय?"

"वाचता नाही येत. पन माया नावाचं चित्र मले ठाऊक हाय. हे ते नोहे."

ह्यांनी मग नीट वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. तिथं लिहिलं होतं, 'आत्याबाई'. आजूबाजूचे लोकही हसले. मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या फळीपुढून हलल्याही नाहीत.

त्या का हसल्या नाहीत, ते मला घरी आल्यावर कळलं. चुलीपुढे बसून त्यांनी सांगितलं. देशाची पहिली निवडणूक झाली, तेव्हा त्या लाइनीवरच्या एका लहान स्टेशनात राहत होत्या. नावं लिहिणारा माणूस रेल्वेच्या चाळीत आला. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं आपलं नाव सांगायचं कसं? कुणीतरी सांगितलं, लिहा अमक्याची बायको. पुढे अशी बिननावाची नावं यादीतून कापली गेली. दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी नाव एका स्टेशनात आणि बिऱ्हाड दुसऱ्यात, त्यातून सासरे अंथरुणाला खिळलेले. मधल्या काळात नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि दुर्ग या राज्यात राहिलं. आत्याबाई म्हणायच्या, "मी तं कुठी हालली नाही बाप्पा, राज्यच सरकलं." एवढी उलथापालथ झाली, पण पेटीत त्यांची चिठ्ठी एकदाही पडली नव्हती.

"मालगाडी निंगाली की गार्ड डबे मोजते," त्या म्हणाल्या. "फुटका डबा बी मोजते, रिकामा बी मोजते. माणसाची मोजणी चालू हाय तं त्यात मीच कावून नाही?"

ह्यांनी समजूत घातली. "अवं माय, आत्याबाई म्हणून जा अन् मत दे. कोन विचारते?"

"आत्याबाई तं मी सुनेची. सरकारची आत्या कधी झाली रे मी?"

 हे भाकरी मोडत बसले. मला मात्र त्या क्षणी आत्याबाईंचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली. कारण त्यांचा असा आवाज लागला, की ती गोष्ट घरात पूर्ण होईपर्यंत कुणाला स्वस्थता नसे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आवरून आम्ही दोघी शेडमध्ये गेलो. बाबू म्हणाले, "कल आइए." उद्या गेलो, तर साहेब दौऱ्यावर. परवा गेलो, तर शाई संपलेली. आत्याबाईंनी वाद घातला नाही. त्या पुढच्या खेपेला पदरात तुरीच्या शेंगा घेऊनच गेल्या आणि शेडच्या पायरीवर उन्हात सोलत बसल्या. येणारा जाणारा विचारी, "क्या काम है माताजी?" त्या सांगत, "मेरा नाव लिखना है. बाबूजी को फुरसत होने दो." दुपारपर्यंत बाबूंना त्यांचं ते शांत बसणं सोसवेना. त्यांनी आत बोलावलं. आत्याबाईंनी आधी सोललेले दाणे त्यांच्या टेबलावर ठेवले, मग म्हणाल्या, "मेरा नाव पंचफुला है."

मी चमकून बघितलं. घरात येऊन इतके दिवस झाले होते, तरी मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. पंचफुला! मोठमोठ्या हाडांची, कपाळ रिकामं झालेली, हातांवर घट्टे पडलेली ही बाई, आणि नाव पंचफुला. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

बाबूंनी चष्मा पुसला. "सबूत?" त्यांनी विचारलं.

पुरावा कुठून असणार? शाळेची पायरी त्यांनी पाहिलेली नव्हती. सासऱ्यांच्या रेल्वेच्या कागदावर नुसतं 'विधवा' लिहिलेलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "पन माय, सासरी तुयं नाव लक्ष्मी ठेवलं होतं ना? मोठे बाबा सांगत. मंग लक्ष्मीच लिहू दे. दोन नावं कायले?"

आत्याबाई गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूय पसरले अन् त्यात लिहिलं लक्ष्मी. दुसऱ्या दिवशी तेच तांदूय शिजवले अन् वऱ्हाडानं खाल्ले. मले त्या नावानं कोनी एक डाव बी हाक मारली नाही."

मग त्या उठल्या आणि पाण्याच्या खोलीतून आपला गुंड घेऊन आल्या. गुंड म्हणजे आमच्याकडची पितळी घागर. त्यांच्या बापानं आंदणात दिलेली. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: चि. पंचफुला. लग्नाआधी कोरलेली, म्हणून माहेरच्या नावाची. मी तो गुंड रोज पाहत होते, रोज त्यातून पाणी घेत होते. अक्षरं काही कधी वाचली नव्हती. आत्याबाईंना मात्र वाचायची गरज नव्हती. इतकी वर्षं राखेनं घासताना त्यांच्या बोटांनी ते ठिपके चाचपले होते. त्यांना ठाऊक असलेलं नावाचं चित्र ते हे.

दुसऱ्या दिवशी सेक्टर सहाच्या सडकेवरून आमची वरात निघाली. पुढे आत्याबाई, कडेवर चकचकीत घासलेला रिकामा गुंड, मागे मी. नळावरच्या बाया विचारत, "पानी नहीं आया क्या?" आत्याबाई सांगत, "पानी आया. नाव नहीं आया." शेडमध्ये जाऊन त्यांनी तो गुंड थेट बाबूंच्या टेबलावर ठेवला. सिमेंटची पूड उडाली. बाबू वाकून ठिपके वाचू लागले. "पं... च... फुला," ते म्हणाले आणि हसले, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती.

"माताजी, बर्तन तो बाजार में पुराना भी मिलता है," ते म्हणाले. "किसी पंचफुला का होगा जरूर. आप ही पंचफुला हैं, ये कौन बोलेगा? दो गवाह लाइए. जो आपको इस नाम से जानते हों. और सोच लीजिए. आप बोल रही हैं कि लिखा हुआ नाम गलत है. नया साबित नहीं हुआ, तो मुझे पुराना भी काटना पड़ेगा."

मी त्यांचा पदर ओढला. आत्याबाई म्हणून का होईना, नाव होतं. तेही गेलं, तर ही तिसरी निवडणूकही हातची जाणार. आत्याबाईंनी पदर सोडवून घेतला.

"काटो," त्या म्हणाल्या. "गवाह लाती मैं."

बाहेर आल्यावर मात्र त्या गुंड खाली ठेवून पायरीवर बसल्या. त्या नावानं ओळखणारं कोण होतं भिलाईत? माहेरचं कुणी उरलं नव्हतं. ज्या चार म्हाताऱ्या त्यांना लहानपणी पंचा म्हणत, त्या गाडीनं जाऊन यायलाही लांब, आणि जगात आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही. नव्या गावाचं हे एक दुःख असतं. घर मिळतं, नळ मिळतो, पण तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं माणूस काही क्वार्टरबरोबर मिळत नाही. मी काही तरी धीराचं बोलणार होते, पण आत्याबाईच उठल्या. म्हणाल्या, "ओयखत नाही तं ओयख करून देऊ. चाल."

आणि मग त्या हिवाळ्यातल्या दुपारी सुरू झाल्या. आमच्या ओळीच्या मागच्या अंगणात ऊन छान यायचं. बाया विणकाम घेऊन, वड्या घेऊन तिथं जमायच्या. आत्याबाई प्रत्येकीपुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मेरा नाव पंचफुला. तेरा?" बाया आधी लाजल्या. काही जणी पदरात हसल्या. खोकनची आई तर रडवेली झाली; आपल्यामुळे हे रामायण झालं, असं तिला वाटत होतं. "हम क्या जानेगा," ती म्हणाली. "बहू आत्याबाई बोलता, हम भी वही बोल दिया." आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वो जाने दे. तेरा नाव बता." तिनं सांगितलं, निरुपमा. बिट्टूच्या मम्मीचं निघालं सतवंत. कोक ओव्हनवालीचं नाव होतं रुक्मिणी, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले.

भाजीची टोपली उतरवून अहिवारहिन हा सगळा खेळ बघत उभी होती. आत्याबाईंनी तिलाही विचारलं. ती आधी बोलेचना. मग टोपलीतल्या मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली, "मोर नाँव सुकवारा हे. सुकवार के दिन जनमे रहेंव." शुक्रवारी जन्मली, म्हणून सुकवारा.

मला आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी विचारलं. "तुयं माहेरचं नाव काय वं?" मी सांगितलं, कमल. "अन् शालिनी कोनी ठेवलं?" ह्यांनी, मी म्हटलं. सांगताना मला लाजल्यासारखं झालं, कारण ते नाव ह्यांनी किती दिवस आधीपासून शोधून ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं. "तुले कोनतं आवडते?" त्यांनी विचारलं. असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ विचार केला आणि म्हटलं, शालिनीच आवडतं. "मंग तेच लिव," त्या म्हणाल्या. "पन तू सांगून लिव."

मागच्या अंगणातल्या त्या दुपारींचं मला आजही नवल वाटतं. बाया एकमेकींना नावानं हाका मारायला लागल्या, तेव्हा त्यांचे आवाज बदलले. निरुपमा गाऊ लागली. सतवंत आधीही मोठ्यानं बोलायची, ती आणखी मोठ्यानं बोलू लागली. आणि "ए पंचफुला!" अशी हाक आली की आमच्या आत्याबाई, पन्नाशीच्या विधवा बाई, मान अशी काही वळवत की बघत राहावं. आधी नुसती मान वळे आणि मग ओळख पटे. पुढे पुढे हाक पूर्ण व्हायच्या आतच त्या ओ देऊ लागल्या.

सुनावणीच्या दिवशी आम्ही चौघी शेडमध्ये गेलो. निरुपमा आणि सुकवारा साक्षीला. मी गुंड धरायला. पळसाला तेव्हा नुकत्या कळ्या धरल्या होत्या. बाबूंनी निरुपमाला विचारलं, तुम्ही यांना पंचफुला नावानं ओळखता? "जानता है," ती ठामपणे म्हणाली, "रोज पुकारता है." मग बाबू सुकवाराकडे वळले आणि सवयीनं म्हणाले, "अउ तैं, अहिवारहिन?"

"मोर नाँव सुकवारा हे, बाबू."

बाबू थांबले. ती रोज त्यांच्याही घरी भाजी टाकत असे. "मोला त पता नइ रहिस," ते म्हणाले.

"आज ले कोनो पूछबे नइ करिन."

आजवर कुणी विचारलंच नाही, असं ती म्हणत होती. मग आत्याबाई टेबलाशी सरकल्या. "बाबूजी, तुमारी माय का नाव क्या है?"

"गाँव में सब बेमेतरहिन कहते हैं," बाबू म्हणाले.

"वो तो गाव का नाव हुआ. माय का?"

बाबूंनी दौतीत टाक बुडवला, पण लिहिलं काही नाही. टाकावरची शाई वाळली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मालूम है. पर आज तक किसी के सामने लिया नहीं." आणि त्यांनी तेव्हाही ते घेतलं नाही. त्यांनी यादी पुढे ओढली, 'आत्याबाई'वर सरळ रेघ मारली आणि वर वळणदार अक्षरांत लिहिलं. आत्याबाई वाकून बघत होत्या. "हाव," त्या पुटपुटल्या, "हेच ते चित्र."

बाबूंनी पुढचा रकाना विचारला. पतीचं नाव. आता आली का पंचाईत! जी बाई आपल्या नावासाठी महिनाभर पायरीवर बसली, ती नवऱ्याचं नाव घेईल असं बाबूंना वाटलं असावं. आत्याबाईंनी पदर पुढे ओढला. "ते मी घेत नसतो. त्यायच्या रेल्वेच्या कागदावर हाय. तुम वाचो, मैं हाव बोलती. त्यायचं नाव त्यायच्यापाशी राहू द्या, मायं तेवढं मले द्या." बाबूंनी कागदावरून वाचलं, त्यांनी मान हलवली. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. सगळ्या रीती एकदम मोडायला त्या निघाल्या नव्हत्या. त्यांना एक गोष्ट हवी होती आणि तीच त्यांनी मागितली.

मतदानाला तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण लागत, आणि माझी ती त्याच साली झाली होती. "और बहू का?" बाबूंनी विचारलं. आत्याबाईंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी म्हटलं, "शालिनी." आम्ही निघालो, तेव्हा मागून बाबूंचा आवाज आला. ते सुकवाराला थांबवून जुनवानीची यादी काढत होते.

मतदानाच्या दिवशी पळस पुरता फुलला होता. कारखान्याचा भोंगा वाजला, पण त्या दिवशी सायकली शाळेच्या दिशेनं वळल्या. पुरुषांची रांग एकीकडे, बायकांची दुसरीकडे. बायकांच्या रांगेत नुसता किलबिलाट. ठेवणीतली लुगडी, लोकरीचे स्वेटर, बिंदीवाल्या, कुंकूवाल्या. आत्याबाई पांढऱ्या लुगड्यात माझ्यापुढे उभ्या होत्या आणि चप्पल बाहेर काढून ठेवली होती. देवळात जावं तशा. मी म्हटलं, "आत्याबाई, शाळा आहे ती." त्या म्हणाल्या, "असू दे."

आत गेलो. खिडकीजवळ एक मास्तर यादी घेऊन बसले होते, परगावचे, कामानं त्रासलेले. त्यांच्या बाजूला पक्षांची दोन-तीन माणसं आपापल्या याद्यांवर खुणा करायला टपलेली. आत्याबाईंनी चिठ्ठी पुढे केली. मास्तरांनी पानं उलटली, ओळ सापडली, आणि पद्धतीप्रमाणे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचते झाले, "पंचफुला."

आत्याबाई हलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, बोट पुढे केलं नाही.  इतकं सगळं करून ऐन वेळी ही बाई बुजली की काय! मागून रांग सरकत होती. मास्तरांनी मान वर केली. "माताजी? आप ही हैं न?"

"एक बार और पढ़ो," आत्याबाई म्हणाल्या.

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊँचा सुनती हैं क्या?"

"सुनाई आता है मुझे," आत्याबाईच बोलल्या. "तुम पढ़ो. जोर से पढ़ो."

मास्तरांनी घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं. या वेळी ते इतक्या मोठ्यानं वाचलं, की बायकांची रांग गप्प झाली, दाराबाहेर निरुपमानं मान उंचावली, आणि पुरुषांच्या रांगेत उभे असलेले आमचे हे वळून बघू लागले. "पंचफुला!" सरकारच्या यादीतून, भरल्या खोलीत, एका अनोळखी माणसाच्या तोंडून.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"हाव," त्या म्हणाल्या. "मीच ते." आणि त्यांनी शाईसाठी बोट पुढे केलं.